मीठ सोडा

तुम्ही हसलात, साहेब. वॉर्डाच्या दारात, गळ्यात नळी अडकवून, हातात चहाचा कागदी कप धरून तुम्ही हसलात. तुमच्या मागे उभी असलेली शिकाऊ पोरंपोरीही हसली, कारण मोठा हसला की धाकट्यांनी हसायचं असतं, हे तुमच्यात पहिल्या वर्षालाच शिकवत असावेत. ज्याला हसलात त्याच्या हातात प्लॅस्टिकचा डबा होता, आणि आत खाटेवर त्याची बायको तोंडाला मास्क लावून एकेका श्वासासाठी झगडत होती. हसू काय, कोणालाही येतं. त्याची फिर्याद नाही. फिर्याद ही आहे की तुम्ही लोकांनी एका माणसाला दोन शब्द सांगितलेत, त्याने ते वेदवाक्य मानून पाळले, आणि पाळले म्हणूनच त्याच्या बायकोच्या छातीत पाणी भरलं. वर तुम्ही म्हणालात, "घरच्यांचा निष्काळजीपणा."

तो निष्काळजीपणा कसा होता, तेवढं ऐका.

माणूस रंगारी. लोकांच्या भिंती रंगवण्यात हयात गेली. नखांच्या कडेला कुठल्या ना कुठल्या घराचा रंग कायमचा. बायको सिनेमाच्या तिकीट खिडकीत बसायची, म्हणून सगळी गल्ली तिला खिडकीबाई म्हणे. रांगेतल्या टग्यांना बसल्या जागेवरून गार करणारी जीभ. रंगाऱ्याशी तिची ओळखही खिडकीतूनच झाली. "कोपऱ्यातली सीट द्या," तो म्हणाला. "एकट्याला कोपरा कशाला हवाय, भिंत बघायला?" ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी रंगारी ही गोष्ट सांगायचा आणि ती दर वेळी म्हणायची, "तेव्हाच खिडकी बंद करायला हवी होती." मूलबाळ नाही. माहेरचा एक धाकटा भाऊ, टॅक्सी चालवणारा. रंगाऱ्याचा मेव्हणा. एवढंच गणगोत.

खिडकीत बसून जेवायला सवड नसे, आणि पातळ काही सांडलं तर तिकिटांचं वाटोळं. म्हणून ब्रेडच्या कापाला चीज स्प्रेड फासायचं, एका हाताने तिकीट फाडायचं, दुसऱ्या हाताने खायचं. खिडकी सुटली, पण ती चव सुटली नाही. सकाळी दोन काप आणि चहा मिळाला की बाई राणी. नाही मिळाला की रंगाऱ्याची काही खैर नाही.

मग तिचं हृदय थकलं. जिना चढताना दम लागू लागला, पाय सुजले, आणि मेव्हण्याने टॅक्सीत घालून तुमच्याकडे आणलं. "पंप कमजोर झालाय," तुम्ही म्हणालात. पंप हा शब्द रंगाऱ्याला कळला. तुम्ही सूज उतरवलीत. ते तुमचं श्रेय, कोणी नाकारत नाही. घरी सोडायच्या दिवशी त्याने तुम्हाला विचारलं, "साहेब, पथ्य काय?"

"सिस्टर सांगतील."

सिस्टर एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हातात फोन, अशी धावत होती. तिच्या एकटीच्या माथी अख्खा वॉर्ड मारलेला. रंगारी तिच्या मागे मागे दारापर्यंत गेला. "सिस्टर, पथ्य?"

"मीठ सोडा. एकदम बंद."

"अजून काही?"

"पाणी मोजून. बाकी खाऊ दे त्यांना. मीठ सोडा मात्र अजिबात नाही, सांगून ठेवते."

"नाही म्हणजे नाही," रंगारी म्हणाला.

मीठ सोडा. असं कोण सांगत नाही? दारू सोडा, तंबाखू सोडा, राग सोडा. जगातला प्रत्येक शहाणा माणूस दुसऱ्याला काहीतरी सोडायला सांगत असतो. रंगाऱ्याने घरी येताच मिठाची बरणी उचलली आणि शेजारणीला देऊन टाकली. "अहो, थोडं तुमच्यापुरतं तरी ठेवा," शेजारीण म्हणाली. "तिला नाही तर मलाही नाही," तो म्हणाला. खारी बिस्किटं गेली, वेफर्स गेले, सॉसची बाटली गेली. आणि विकतच्या चीज स्प्रेडचा डबा गेला, कारण त्यात मीठ असतं हे मेव्हण्याला ठाऊक होतं.

"डबा गेला, मीही जाते," खिडकीबाई म्हणाली.

"अगं, असं अभद्र बोलू नये."

"मग काय बोलू? जेवण अळणी, चहा मोजून, आणि नवरा तर पहिल्यापासूनच बिनमिठाचा!"

पहिले काही दिवस ती चेष्टेवर नेत होती. मग चेष्टा थांबली आणि जेवणही थांबलं. भाताचा घास तोंडात घेऊन ती तसाच धरून बसे. "गिळ की," तो म्हणे. "जात नाही हो. कापूस चावल्यासारखं वाटतं." गालफडं बसली. गोळ्या रिकाम्या पोटी जाऊ लागल्या. रंगारी कामावर जायचा, परक्याच्या भिंतीला पहिला हात मारायचा आणि तो वाळेपर्यंत विचार करत बसायचा, की हिला खायला काय घालावं?

एके दिवशी तो दूध घेऊन घरी आला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"काय करताय?" बायकोने पलंगावरूनच विचारलं.

"चीज स्प्रेड. बिनमिठाचं."

"देवा! तुम्हाला चहा करता येत नाही."

"अगं, रंग कालवणाऱ्याला काय अवघड आहे? चीज म्हणजे काय, दुधाचा डिस्टेंपर."

दूध तापवलं, लिंबू पिळलं, फाटलं. फडक्यात बांधून नळाला टांगलं, पाणी निथळलं. मिक्सरमध्ये थोडं लोणी, थोडं दूध घालून फिरवलं. मिरी कुटून घातली. वाटीत काढलं तर रवाळ, ठिसूळ, कडेने पाणी सुटलेलं. तिने ब्रेडच्या कापावर चाटून पाहिलं आणि काप त्याच्या हातात परत दिला.

"भिंतीला लावा."

त्याने हसून घेतलं. पण बोलणं खरं होतं. ती ओली लांबीच होती, खिळ्याची भोकं बुजवायच्या लायकीची. दुसऱ्यांदा त्याने लसूण घातली, तिसऱ्यांदा साय घातली, विस्तव कमी केला, जास्त केला. नाकी नऊ आले, पण रवा मोडेना. धंद्यातला माणूस, त्याला नेमकं कळत होतं की काय होतंय: पाणी एकीकडे, माल एकीकडे, मध्ये धरून ठेवणारं काही नाही. रंगातही असंच होतं. धरून ठेवणारं नसेल तर रंग भिंतीवर बसत नाही, हात लावला की पांढरी भुकटी. हेच त्याने कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला सांगितलं.

"एवढंच ना?" बेकरीवाला म्हणाला. "लिंबूसत्त्व घे, त्यात खायचा सोडा घाल. फसफसेल, फसफसू दे. शांत झालं की ते पाणी तुझ्या चोथ्यात टाक, मंद विस्तवावर ठेव आणि घोटत राहा. आरशासारखं होईल."

"मीठ नाही ना त्यात?"

"मीठ कशाला? सोडा आहे."

"बघ हं. तिला मिठाचा कणही चालत नाही."

"अरे, कणही नाही. माझ्या पोरांची शप्पथ."

बेकरीवाला खोटं बोलला का, साहेब? नाही. सोड्याच्या पुडीवर मीठ असं कुठेही छापलेलं नसतं. बाजारात मीठ मागितलं तर कोणी सोडा देत नाही. रंगाऱ्याने तरीही सोडा बोटावर घेऊन चाखला. मिठासारखा लागला नाही. तेव्हाच वापरला. याच्यापलीकडे काळजी म्हणजे काय असते, हे तुमच्या पुस्तकात असेल तर दाखवा.

आणि जमलं! चोथा विरघळला, ताणला गेला, चमकायला लागला. रंगारी घोटत होता आणि एकटाच हसत होता. काचेच्या वाटीत ओतलं, गार केलं, मग आपल्या कामातली कोरी पट्टी धुऊन पुसून त्या पट्टीने ब्रेडवर असं लावलं की कडेपासून कडेपर्यंत एक रेघ नाही.

खिडकीबाईने एक घास घेतला. चावला. थांबली.

"मीठ घातलंत."

"नाही."

"खरं सांगा. चोरून घातलंत ना, माझी दया येऊन? खारट लागतंय."

"तुझी शप्पथ, चिमूटभरसुद्धा नाही. जिभेला आठवण येत असेल मिठाची."

"आठवण इतकी चविष्ट असते होय?" ती म्हणाली, आणि तिने दोन्ही काप संपवले. बोटं चाटली. रंगारी स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याकडे तोंड करून डोळे पुसून आला.

त्या दिवसापासून घराला रंग चढला. दूध आणायचं, फाडायचं, सोडा फसफसवायचा, घोटायचं. ती सकाळी खायची, मग दुपारीही खायला लागली, मग भात नको म्हणून संध्याकाळीही तेच. "खाते आहे ना, खाऊ दे," रंगारी म्हणायचा. मेव्हणा आला की त्याच्यापुढेही वाटी. "दाजी, दुकान टाका," मेव्हणा बोटाने निपटत म्हणायचा. "पाटी लावा, बिनमिठाच्या माणसाचं बिनमिठाचं चीज."

आणि तिच्या चपला होईनाशा झाल्या.

आधी चपला. मग बांगड्या. मग झोपताना एक उशी होती तिथे दोन लागू लागल्या, मग ती बसूनच झोपू लागली. गोळ्या चालू, पाणी मोजून, मीठ घरात औषधालाही नाही. मग सूज येते कुठून? रंगाऱ्याने डोकं खाजवलं, आणि डोक्यातून नको ते निघालं.

"कुठून खातेस?"

"काय?"

"मीठ. कुठून खातेस? शेजारीण देते का? मी कामावर गेलो की?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"तोंड उघड," तो म्हणाला. "जीभ दाखव."

साहेब, या माणसाने आपल्या बायकोला जीभ दाखवायला लावली. मीठ चोरणाऱ्या लहान पोरीला धरावं तशी हनुवटी धरली. उशीखाली हात घातला, गादी उलटी केली, तिची पर्स जमिनीवर ओतली. एक कंगवा, दोन जुनी तिकिटं आणि खोकल्याच्या गोळ्या. शेजारणीच्या दारात जाऊन तो ओरडला, "माझ्या बायकोला मारायचंय का तुम्हाला?" तिने कपाळाला हात लावून दार लावून घेतलं. परत आला तर खिडकीबाई खाली बसून पर्समध्ये एकेक वस्तू भरत होती, आणि वाकल्यामुळे तिला धाप लागली होती.

"तुमच्या हातचं सोडून मी काही खात नाही हो," ती म्हणाली. "देवाशप्पथ."

खरंच तर बोलत होती. तेच तर मारत होतं.

रंगाऱ्याला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की गरीब माणूस काय करतो? खायला घालतो. त्याने त्या संध्याकाळी जास्तीचं दूध आणलं, आणि चीज जास्त मऊ व्हावं म्हणून सोडा चमचाभर वाढवला. तिनेही रुसवा काढून खाल्लं. "भांडलात की छान करता," म्हणाली.

सकाळी तिचे ओठ निळे पडले होते. बोलता येईना. पाण्यात बुडणारं माणूस हवेला धरायला बघतं तसे हात करत होती. मेव्हण्याने सिग्नल तोडत टॅक्सी आणली. मागच्या सीटवर रंगारी तिला बसती धरून होता, आणि त्याच्या मांडीवर तो डबा होता. तिकडे गेल्यावर हिला भूक लागली तर? घाईत माणूस काय उचलतो ते बघा. त्याने तिचे कागदही घेतले नव्हते, डबा घेतला होता.

तुम्ही तिला मास्क लावलात, सुई दिलीत. मग दारात येऊन विचारलंत, "घरी काय खायला घालता यांना?"

रंगारी तर याच प्रश्नाची वाट बघत होता. या एकाच विषयात तो पैकीच्या पैकी पास होता. त्याने डबा पुढे केला. "हे, साहेब. मी स्वतः करतो. मीठ अजिबात नाही."

"काय आहे हे?"

"चीज. दूध, लोणी, लिंबूसत्त्व, सोडा..."

"सोडा?"

"खायचा सोडा."

"किती?"

त्याने सांगितलं. तुमचा चेहरा बदलला. "दिवसातून तीनदा? अहो, घरी सोडताना सांगितलं नव्हतं का तुम्हाला, मीठ सोडा बंद म्हणून?"

"सांगितलं ना. सोडलं की! त्याच दिवशी सोडलं. बरणीसकट."

"काय सोडलं?"

"मीठ."

"आणि सोडा?"

"तेच म्हणतोय साहेब. सोडा म्हणालात, सोडलं."

"अहो बाबा, मीठ आणि सोडा! सोडा! खायचा!"

आणि तेव्हा तुम्ही हसलात. शिकाऊ पोरंही हसली. त्यातल्या एकाने "मीठ सोडा, मीठ सोडा" असं दोनदा म्हणून पाहिलं, जिभेवर चव घेतल्यासारखं. मग तुम्ही समजावून सांगितलंत, एका दमात, चहा निवायच्या आत: मीठ म्हणजे सोडियम, सोडा म्हणजेही सोडियम, अंगात सोडियम गेलं की पाणी साठतं, पाणी साठलं की पंपावर ताण. "इतकं साधं आहे," तुम्ही म्हणालात. साधं होतं तर आधी का नाही सांगितलंत? तेव्हाही एवढाच वेळ लागला असता.

रंगारी दारातच खाली बसला. त्याला आठवत होतं ते एवढंच, की ती म्हणाली होती, खारट लागतंय. तिची जीभ खरं सांगत होती, आणि त्याने तिला ती जीभ बाहेर काढायला लावून तिच्यावर आळ घेतला होता. मेव्हण्याने त्याच्या हातातून डबा घेतला, कचऱ्याच्या टोपलीकडे गेला, पण टाकवेना. डबा खिडकीच्या कठड्यावर ठेवून तो म्हणाला, "दाजी, मीही खात होतो की. कोणाला काय माहीत?"

"तिला सांगू नकोस," रंगारी म्हणाला.

"काय?"

"की ते माझ्यामुळे..."

"मग काय सांगू?"



तुमच्या सुईने काम केलं. दोन दिवसांनी मास्क उतरला, नळी राहिली. तिला पाठीला तीन उशा लावून बसवलं. रंगारी खाटेजवळ स्टुलावर बसला होता, तिचा सुजलेला पाय हातात धरून, दाबला की खड्डा पडतो का ते बघत. खड्डा पडत होता. पोराटोरांना ओल्या प्लॅस्टरवर बोट उमटवू नका म्हणून तो आयुष्यभर ओरडला. आता स्वतःच बायकोच्या पायावर बोटं उमटवत होता आणि ठसे बुजायची वाट बघत होता.

"डबा आणलात?" तिने विचारलं. आवाज चिरका, पण तिचाच.

"नाही."

"का? इतकं छान जमलं होतं."

"दूध नासलं," तो म्हणाला.

"दूध नासवूनच तर करता ना हो?" ती म्हणाली आणि हसता हसता खोकली. त्याने पाय धरूनच मान खाली घातली.

तेवढ्यात तुमच्या दवाखान्याचा ट्रे आला. ट्रेवर चिठ्ठी, हृदयाचा रुग्ण. वाटीत सूप, आणि पारदर्शक पुडीत ब्रेडचे दोन काप. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने ट्रेकडे स्वतःहून मान वळवली. "भूक लागली हो," ती म्हणाली. मेव्हण्याने पुडी फोडून काप रंगाऱ्याच्या हातात दिला. रंगाऱ्याने काप घेतला, आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. पुडी वाचली. बारीक अक्षरं, डोळ्यांजवळ धरून, एकेक शब्द जुळवत. मैदा. साखर. यीस्ट. मीठ. म्हणजे घरच्या कापांतही ते होतंच. मिठापुढे एक लांबलचक शब्द होता, तोंडात न मावणारा, पण त्याचा पहिला तुकडा त्याने ओळखला. सोडियम.

त्याने ट्रेवाल्याला विचारलं, "यात मीठ आहे. चालतं का?"

"मला काय माहीत? खालून भरून येतं."

सिस्टरला विचारलं. तीच सिस्टर, तशीच धावती. "हृदयाचाच ट्रे आहे काका, द्या की."

"पण यात सोडियम..."

"आहारवाल्या मॅडमना विचारा."

"त्या कुठेत?"

"रजेवर."

शिकाऊ पोराला विचारलं, चव घेणाऱ्याला. तो लाजला. "थोडं चालत असावं," म्हणाला.

"थोडं म्हणजे? हा एक काप? अर्धा? सूप कशाचं आहे?"

"सरांना विचारा."

रंगारी काप हातात घेऊन खाटेशी उभा आहे, साहेब. विकतचा डबा बंद झाला. घरचा डबा विष निघाला. तुमचा ट्रे तुम्हालाच माहीत नाही. भात तिच्या घशाखाली जात नाही. "द्या ना," ती म्हणते, आणि तोंड उघडते. त्याचा हात अर्ध्यावर जातो आणि थांबतो. मेव्हणा म्हणतो, "दाजी, द्या, दवाखान्याचंच आहे." तोही पुडी हातात घेऊन वाचायला लागतो, आणि ती परत ट्रेवर ठेवतो.

तुम्ही आता वॉर्डात शिरलात. फोन कानाला. या खाटेशी तुम्ही थांबणार किती वेळ, ते रंगाऱ्याला ठाऊक आहे, म्हणून तो तुमच्या वाटेत आडवा उभा राहिला आहे. बाजूला व्हा म्हणू नका. तो होणार नाही.

फोन खाली ठेवा. हा काप बघा, हे सूप बघा, ही बाई बघा. हिने काय खायचं? वाण्याकडे मिळेल, चुलीवर शिजेल आणि हिच्या घशाखाली उतरेल, असं काय? पदार्थाचं नाव घ्या. त्यात काय घालायचं आणि काय नाही, ते एकेका शब्दावर थांबून सांगा. तो पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा सांगा. तोंड उघडून बसली आहे ती. घास भरवू की नको?

बोला, साहेब.